पाठीवरचे पोते आणि दफ्तरातली नोंद

गोष्टीच्या तासाला मी सहावीच्या मुलींना हजरत उमर (रजि.) यांची पिठाच्या पोत्याची गोष्ट सांगत होते. ही गोष्ट ठाऊक नाही असे मुस्लिम घर क्वचितच सापडेल. रात्रीची वेळ, मदिनेबाहेरचे मोकळे रान, दूरवर पेटलेली चूल. चुलीवर हंडी आणि भोवती रडणारी लेकरे. हंडीत नुसते पाणी. मुले वाट पाहून थकतील आणि झोपी जातील, एवढीच त्या आईची आशा. खलिफा आपला सेवक अस्लम याच्यासह तिथे पोहोचतात, परत फिरतात, कोठारातून पिठाचे पोते आणि चरबी काढतात आणि पोते स्वतःच्या पाठीवर घेतात. अस्लम म्हणतो, मी उचलतो. त्यावर हजरत उमर विचारतात, कयामतच्या दिवशी माझे ओझे तू वाहणार आहेस काय? मग ते स्वतः चूल फुंकतात, धूर दाढीतून बाहेर पडतो, आणि मुले जेवून हसू लागेपर्यंत ते तिथून हलत नाहीत.

वर्ग एकदम शांत झाला होता. ही गोष्ट सांगताना दर वर्षी तो होतो. पण या वेळी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "आपा, उस रात हजरत उमर उधर से गुजरते ही नहीं, तो?"

मी काहीतरी उत्तर दिले. अल्लाहने त्यांना तिकडे पाठवले, असे काहीसे. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण तिच्या प्रश्नाचे नव्हते. तिचा प्रश्न ईमानाचा नव्हता, कारभाराचा होता. राज्यातली एक विधवा आणि तिची लेकरे उपाशी आहेत हे राज्यकर्त्याला कळण्याचा मार्ग योगायोगाने झालेली एक रात्रफेरी एवढाच होता काय? आणि त्या रात्री दुसऱ्या दिशेला असेच कुणी उपाशी असेल तर?

गेल्या काही वर्षांत इस्लामी राज्यव्यवस्था या विषयावर आपल्याकडे उर्दूत आणि मराठीत जे लिहिले जाते ते मी जमेल तसे वाचत आले आहे. सीरतच्या जलशांच्या स्मरणिका, वार्षिकांचे विशेषांक, छोट्या पुस्तिका, वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलांना दिली जाणारी भाषणे. या लेखनाविषयी माझी तक्रार थोडक्यात अशी आहे की त्यात पोते आहे, दफ्तर नाही. राज्यकर्त्याच्या पाठीवरचे ओझे आपण डोळे पुसत सांगतो. पण ते ओझे एका माणसाच्या पाठीवरून व्यवस्थेच्या खांद्यावर कसे गेले, किंवा का जाऊ शकले नाही, हे विचारायचे राहून जाते.

या लेखनाच्या दोन सवयी आहेत. पहिली सवय स्मरणरंजनाची. 'तो काळ गेला, ती माणसे गेली' या सुरात लेख सुरू होतो आणि त्याच सुरात संपतो. वाचकाच्या हाती एक सुस्कारा उरतो. दुसरी सवय हक्क सांगण्याची. जनगणना आमची, पेन्शन आमची, पोलीस खाते आमचे, ऑडिट आमचे. आधुनिक राज्याने जे काही उभे केले ते सगळे आमच्या घरातूनच गेले, असा दावा. वरवर पाहता या सवयी परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींचा परिणाम एकच होतो. आज आपण काय करायचे हा प्रश्न दोन्हींमुळे टळतो.

आता ती गोष्टच पुन्हा वाचू. इतिहासकार तबरी यांनी ती नोंदवली आहे, आणि त्या मूळ कथनात आपल्या वर्गात, आपल्या व्यासपीठांवर बहुतेक वेळा गळून पडणारा एक तुकडा आहे. त्या बाईला आपल्यासमोर कोण उभे आहे हे ठाऊक नाही. ती म्हणते की आमचा आणि उमरचा न्याय अल्लाह करील. हजरत उमर विचारतात की तुझी ही अवस्था उमरला कशी कळणार? त्यावर ती बाई जे म्हणते त्याचा आशय असा, की तो आमच्या कारभाराची जबाबदारी घेतो आणि मग आमच्याविषयी गाफील राहतो!

माझ्या मते सगळ्या कथेचा कणा हे वाक्य आहे. 'मला माहीत नव्हते' ही सबब ती बाई मान्य करत नाही. ज्याने जबाबदारी घेतली त्याने माहिती मिळवण्याची सोयही केली पाहिजे, असे तिचे म्हणणे आहे. राज्यशास्त्राच्या जाड पुस्तकांनी शंभर पानांत सांगावे ते एका अनाम, उपाशी बाईने एका वाक्यात सांगितले. हजरत उमर यांचा मोठेपणा त्यांनी पोते उचलले यात आहेच, पण ते वाक्य त्यांनी निमूट ऐकून घेतले आणि खरे मानले, यात तो अधिक आहे. आपण मात्र पोते ठेवले आणि बाईचा आवाज काढून टाकला. ती आपल्या कथेत फक्त रडते आणि दुवा देते.

हजरत उमर यांचीच दुसरी एक गोष्ट आहे, इब्न साद यांच्या ग्रंथात आलेली. ती पोत्याच्या गोष्टीइतकी सांगितली जात नाही. मदिनेबाहेर व्यापाऱ्यांचा एक काफिला उतरलेला असतो. रात्री पहारा करताना हजरत उमर यांना एका तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते. ते आईला समजावून जातात, पण रडणे थांबत नाही. तिसऱ्यांदा ते येतात आणि कारण विचारतात, तेव्हा कळते की ती बाई मुलाचे दूध वेळेआधीच तोडत आहे. कारण बैतुलमालमधून मुलांना मिळणारा वजिफा दूध सुटलेल्या मुलांनाच मिळत असे. नियम खलिफांनी स्वतःच केलेला होता. दुसऱ्या दिवशी फज्रच्या नमाजमध्ये त्यांना इतके रडू कोसळले की त्यांचे कुराणपठण लोकांना नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी मुनादी करवली की मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका, यापुढे प्रत्येक मुलाला जन्मापासूनच वजिफा मिळेल. आणि हा हुकूम त्यांनी प्रांतोप्रांती लिहून पाठवला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिलीत एका घरी पीठ पोहोचले. दुसरीत एक नियम बदलला आणि त्या रात्री जी मुले हजरत उमर यांनी पाहिलीही नव्हती त्यांच्यापर्यंत तो पोहोचला. पहिली गोष्ट दयेची, दुसरी कारभाराची. पहिलीत राज्यकर्ता उपाशी लोकांची उणीव भरून काढतो, दुसरीत तो स्वतःच्या नियमातली चूक ओळखतो. पोत्याची गोष्ट लोकप्रिय झाली हे साहजिक आहे, कारण तिच्यात चित्र आहे, चूल आहे, धूर आहे. हुकूमनाम्यात चित्र नसते. पण माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला काही उत्तर असेल तर ते या दुसऱ्या गोष्टीत आहे.

उर्दूत या दफ्तराकडे गंभीरपणे पाहणारा पहिला मोठा लेखक म्हणून शिबली नोमानी यांचे नाव घ्यावे लागेल. १८९९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'अल-फारूक' आजही उर्दू घरांतून वाचले जाते. पण कसे वाचले जाते? पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात चरित्र आणि युद्धे, दुसऱ्या भागात राज्यकारभार. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रतीत पहिल्या भागाची पाने हाताळून मळली आहेत, दुसऱ्या भागाची जवळजवळ कोरी आहेत. आमच्या वाचनाचा तो पुरावाच म्हणायचा.

खरे तर शिबलींनी खरी मेहनत घेतली आहे ती दुसऱ्या भागात. महसूल, न्याय, पोलीस, खजिना, कालवे, नवी शहरे, लष्कर, शिक्षण, सगळ्याला स्वतंत्र प्रकरण. इराकमधल्या सवाद प्रदेशाची मोजणी उस्मान बिन हुनैफ यांनी कशी केली आणि पिकाच्या जातीप्रमाणे जमिनीवर किती आकारणी बसवली, हे ते तपशिलाने देतात. मोजलेल्या जमिनीचा ३ कोटी ६० लाख जरीब हा परंपरेतला आकडाही येतो. जिंकलेली जमीन सैनिकांत वाटून टाकावी, असा मोठा आग्रह असताना हजरत उमर यांनी ती वाटू दिली नाही, कारण पुढे येणाऱ्या पिढ्यांचाही तिच्यावर हक्क आहे असे त्यांनी कुराणाच्या आधारे मांडले. ही चर्चा म्हणजे राज्यकारभारातल्या दूरदृष्टीचा वस्तुपाठ आहे. हे सगळे उर्दू वाचकासमोर आणणे हे शिबलींचे ऋण आपण विसरता कामा नये.

पण ऋण मान्य करूनही काही प्रश्न विचारले पाहिजेत. शिबलींनी सातव्या शतकाचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या कपाटात लावला आहे. त्यांच्या प्रकरणांची नावेच पाहावीत. बांधकामाच्या प्रकरणाला ते इंग्रजी 'पब्लिक वर्क' हा शब्द वापरतात आणि त्याच्या जोडीला तुर्की दरबारातला 'नजारते नाफिआ'. एक शब्द अलिगढमध्ये शिकवताना आजूबाजूला दिसलेल्या इंग्रजी अमलाचा, दुसरा १८९२ च्या प्रवासात इस्तंबूलला पाहिलेल्या उस्मानी राज्याचा. पराभूत समाजाचा एक विद्वान 'आमच्याकडेही हे होते' असे सांगू पाहतो आहे, हे समजण्यासारखे आहे. त्या काळात ते गरजेचेही असेल. पण खाते म्हणजे केवळ नाव नव्हे. खात्याला पदे लागतात, अधिकारांच्या मर्यादा लागतात, माणूस बदलला तरी न बदलणारी रीत लागते. मदिनेत कामे होत होती हे खरे, ती खात्यांमार्फत होत होती असे म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे.

शूराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. शिबली शख्सी आणि जम्हूरी, म्हणजे एकतंत्री आणि लोकसत्ताक, अशा दोन राज्यपद्धतींची तुलना करून हजरत उमर यांचे राज्य दुसऱ्या बाजूला ठेवतात, कारण तिथे मजलिसे शूरा होती, सल्लामसलत होती, साध्या माणसाला खलिफांना अडवण्याची मुभा होती. मुभा होती यात शंका नाही. पण शूराचे सभासद कुणी निवडायचे, किती काळासाठी, आणि खलिफांनी सल्ला मानला नाही तर काय, याची रीत ठरली नव्हती. हजरत उमर यांनी अखेरच्या क्षणी सहा जणांची समिती नेमली, ती त्या एका निवडीपुरती. ६४४ मध्ये त्यांची शहादत झाली. ६६१ मध्ये सत्ता दमिश्कला गेली आणि ६८० मध्ये बापानंतर मुलगा गादीवर आला. अवघ्या काही वर्षांत शूरा दरबाराच्या मागे पडली. यजीदला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण जी चांगली गोष्ट एका दुष्ट वारसामुळे बुडू शकते तिचा पाया कुठे तरी कच्चा राहिला होता, असा विचार करणे म्हणजे सहाबांचा अनादर नव्हे.

याउलट टिकले काय? दिवाण टिकला. वजिफ्यांची आणि सैनिकांची नावे, जमाखर्च लिहून ठेवणारे दफ्तर. ते सुरू करताना इराणी आणि रोमी राज्यांची रीत डोळ्यांसमोर होती, आणि जिंकलेल्या प्रांतांतली महसुलाची दफ्तरे पुढची कित्येक वर्षे फारसी आणि ग्रीक भाषेतच लिहिली जात. उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळात, सातव्या शतकाच्या अखेरीस, ती अरबीत आली. दुसऱ्यांचे साधन घ्यायला पहिल्या पिढीला कमीपणा वाटला नाही. तत्त्व आपले असले की साधन कुठूनही घ्यावे, हा त्यांचा खाक्या होता. 'सगळे आमच्याकडूनच गेले' म्हणणाऱ्यांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे.

त्या काळातल्या चौकशीचे एक उदाहरण इथे सांगितले पाहिजे. कूफ्याचे हाकिम साद बिन अबी वक्कास हे कादिसियाचे विजेते, ज्यांना जन्नतची खुशखबर मिळाली अशा दहा जणांपैकी एक. कूफ्याच्या लोकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली, आणि ती इतक्या थराला गेली की यांना नमाजही नीट पढवता येत नाही. तक्रार पोकळ आहे हे दिसत होते. तरीही हजरत उमर यांनी त्यांना कामावरून दूर केले, मग माणसे पाठवून कूफ्याच्या मशिदी-मशिदीतून चौकशी करवली. सगळीकडे लोक साद यांच्याविषयी चांगलेच बोलले, एका मशिदीत मात्र एक माणूस उठून विरुद्ध बोलला. त्यालाही बोलू दिले गेले. आणि मरणशय्येवर हजरत उमर यांनी स्पष्ट केले की मी सादना अकार्यक्षमतेमुळे किंवा बेइमानीमुळे काढले नव्हते. बुखारीत हा सगळा तपशील आहे. शहादतीच्या काही दिवस आधी त्यांनी सवादच्या मोजणीदारांना विचारलेला प्रश्नही बुखारीत आहे: जमिनीला सोसणार नाही इतका बोजा तर तुम्ही टाकला नाही ना? साद यांच्यासारख्या मोठ्या माणसाचीही चौकशी, आणि आकारणी करणाऱ्यांनाच तिचा जाब. ही तत्त्वे आजच्या कोणत्याही प्रशासनाने भिंतीवर लिहावीत अशी आहेत.

पण चित्र पुरे करायचे तर त्या काळाच्या मर्यादाही लिहिल्या पाहिजेत. त्या राज्यात गुलामी होती. गैरमुस्लिमांना संरक्षण होते, पण बरोबरीचे नागरिकत्व नव्हते. एका वृद्ध, आंधळ्या यहुदी भिकाऱ्याला पाहून हजरत उमर यांनी त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा जिझिया माफ केला आणि बैतुलमालमधून त्यांची सोय केली, हे काझी अबू यूसुफ यांनी नोंदवले आहे. त्या युगात ही फार मोठी गोष्ट होती. आज मात्र गैरमुस्लिम शेजाऱ्यासमोर ती 'पाहा, आम्ही किती उदार' या सुरात ठेवणे बरे नाही. भारतात आपण स्वतः अल्पसंख्य आहोत. आपल्याला कुणाचे औदार्य नको आहे, बरोबरीचा हक्क हवा आहे. जे स्वतःसाठी हवे ते दुसऱ्यासाठीही मान्य करणे ही तर आपल्या दीनचीच शिकवण आहे.

पुढच्या शतकांतल्या ग्रंथकारांनी दफ्तराचे काम पुढे नेले. अबू यूसुफ (मृत्यू ७९८) यांनी हारून रशीदसाठी 'किताबुल खराज' लिहिले. ठरावीक आकारणीपेक्षा पिकाच्या हिश्शावर महसूल घ्यावा, वसुलीची मक्तेदारी लिलावाने देऊ नये कारण मक्तेदार रयतेला पिळतो, वसुलीसाठी कुणाला मारू नये, उन्हात उभे करू नये, असे त्यांनी खलिफाला तोंडावर सांगितले. आणि एक-दोन महिन्यांतून एकदा तरी खलिफाने जुलुमाच्या फिर्यादी ऐकायला स्वतः बसावे, म्हणजे ही बातमी प्रांतांत पसरेल आणि जुलूम करणाऱ्यांना धाक राहील, असेही सुचवले.

बगदादचे काझी मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी 'अल-अहकामुस सुलतानिया'मध्ये या फिर्यादींच्या कचेरीला, म्हणजे मजालिमला, एक आखा अध्याय दिला. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये, आपला 'जुलूम' त्याच घरातला. या कचेरीत पाच प्रकारची माणसे हजर हवीत, असे मावर्दी म्हणतात: शिपाई, काझी, कायद्याचे जाणकार, लेखनिक आणि साक्षीदार. लेखनिक कशाला, तर काय ठरले ते लिहिले जावे म्हणून. मग ते कामांची यादी देतात. हाकिमांचा जुलूम, महसूल घेणाऱ्यांची जादा वसुली, दफ्तरातल्या कारकुनांचा घोळ, या तीन बाबतींत फिर्यादीची वाटही पाहू नये, स्वतःहून लक्ष घालावे. आणि चौथे काम: ज्यांचा वजिफा कमी झाला किंवा थकला त्यांची तक्रार. ती आली की दफ्तर काढून पाहावे आणि हक्काचे असेल ते द्यावे. हजार वर्षांपूर्वीच्या अरबी ग्रंथात 'थकलेला वजिफा' हा विषय वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. त्याचे कारण पुढे सांगते.

या परंपरेतही सगळे गोड नाही. मावर्दींना तलवारीच्या बळावर प्रांत बळकावणाऱ्या अमीराला मान्यता देण्याची वाट शोधावी लागली. दिल्लीचे जियाउद्दीन बरनी चौदाव्या शतकात 'फतावा-ए-जहाँदारी'मध्ये राज्य चालवायला बादशहाचे स्वतःचे कायदे लागतात हे रोखठोक मान्य करतात, पण त्याच ग्रंथात हलक्या कुळातल्या माणसांना शिक्षण आणि पदे देऊ नयेत असेही सांगतात. हा विचार कुराणाचा नव्हे, दरबाराचा आहे, हे आपल्यातल्या कारागीर जमातींच्या लेखकांनी ठणकावून सांगितले पाहिजे. बरनींना उत्तर आमच्या दख्खनच्या मातीतच मिळाले. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर इथे निजामशाहीचा कर्ता झाला. त्याने जमिनीचा कस पाहून केलेली जमाबंदी मराठी मुलखाच्या आठवणीत राहिली, आणि त्याने वसवलेल्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याच्या नहरीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या खेळले.

हक्क सांगण्याच्या सवयीचे एक ताजे उदाहरण म्हणजे लोकपालाची गोष्ट. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स पराभवानंतर उस्मानी मुलखात आश्रयाला होता आणि १७१३ मध्ये तिथूनच त्याने कारभारावर नजर ठेवणारा अधिकारी नेमला. त्यातून ओम्बुड्समन ही संस्था वाढली. म्हणून लोकपालाचे मूळ मजालिममध्ये, असे आपले लेखक आनंदाने लिहितात. राजा तिथे होता हे खरे, पण त्याने तिथूनच उचलले हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. आणि समजा झाले, तरी मला विचारावेसे वाटते की महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ सालीच केला, त्या कचेरीकडे आपल्यापैकी कितीजणांनी कधी अर्ज केला? मूळ आपले असल्याचा अभिमान आणि वापर शून्य, अशी आपली गत.

खिलाफत १९२४ मध्ये बरखास्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी इजिप्तचे काझी अली अब्दुर राजिक यांनी एक पुस्तक लिहून असे मांडले की इस्लामने कोणतीही एक ठरावीक राज्यपद्धती घालून दिलेली नाही. अजहरच्या उलमांनी त्यांना आपल्या वर्गातून काढले, काझीपदही गेले. त्यांचे सगळे म्हणणे मला पटते असे नाही. अमानत, अद्ल, शूरा आणि जाब देण्याची बांधिलकी ही तत्त्वे दीनचा भाग आहेत, ती मशिदीच्या उंबऱ्यावर ठेवून कचेरीत जाता येत नाही. पण तत्त्व आणि पद्धत यांत फरक करायला त्यांनी भाग पाडले, हे त्यांचे काम मोलाचे आहे. अमानत सुपूर्द करा आणि न्यायाने निवाडा करा, हा कुराणाचा आदेश आहे. तो कोणत्या फॉर्मवर, किती दिवसांत, कोणाच्या सहीने पाळायचा हे प्रत्येक काळाने ठरवायचे आहे.

आता वजिफ्याचे. आमच्या वस्तीतल्या एका विधवेला निराधार योजनेचे अनुदान मिळत असे. हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की तिथले साहेब स्वतः निरोप पाठवत, बसवून घेत, कागद पुरे करून देत. ती त्यांना दुवा देई. मग त्यांची बदली झाली. त्या वर्षी तिने दिलेला दाखला कुठे नोंदलाच गेला नाही आणि अनुदान थांबले. चार महिने ती हेलपाटे घालत होती. माझ्याकडे आली तेव्हा तिचे एकच वाक्य होते, "आपा, पहले के साब फरिश्ता थे." मी तिला विचारले, दाखला दिला त्याची पोच आहे का? पोच नव्हती. फरिश्त्याकडे पोच कोण मागतो?

आम्ही पुन्हा अर्ज लिहिला, दाखला जोडला, दोन प्रती केल्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतली. काही आठवड्यांनी उत्तर नाही म्हणून माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दुसरा अर्ज केला. पुढे अनुदान सुरू झाले. नव्या साहेबांचा स्वभाव कसा होता हे आम्हाला आजही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची गरज पडली नाही. माझ्या लेखाचे सार त्या न पडलेल्या गरजेत आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदाही आहे, त्याखाली येणाऱ्या सेवांना मुदत आहे, मुदतीत काम झाले नाही तर अपील आहे. चांगला माणूस भेटणे हे नशीब. चांगला नियम असणे आणि तो वापरता येणे हा हक्क.

तरीही दफ्तराची आरती करणे हा माझा हेतू नाही. ज्याला रडणे ऐकू येत नाही असे दफ्तर कसे असते ते आपण रोज पाहतो. अंगठा जुळत नाही, सर्व्हर बंद आहे, नावात एक अक्षर चुकले आहे, उद्या या. दूध तोडणाऱ्या आईची गोष्ट म्हणूनच मला थोर वाटते. तिथे नियम होता आणि नियमच छळत होता, आणि नियम करणारा रात्री बाहेर पडून त्याचा परिणाम कानांनी ऐकत होता. ऐकले, चूक मान्य केली, लिहून बदलले. यातली एकही पायरी गाळून चालत नाही.

आपल्या लेखकांकडून मला एवढेच हवे आहे. पोत्याची गोष्ट जरूर सांगा, पण त्या बाईचे वाक्य परत जागेवर ठेवा. 'अल-फारूक'चा दुसरा भागही उघडा आणि शिबलींशी आदराने भांडा. आणि मुलांना भाषण लिहून देताना शेवटी सुस्कारा न टाकता एक अर्ज कसा लिहायचा तेही शिकवा.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात दूध तोडणाऱ्या आईची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली, आणि मग विचारले, "तो आपा, हुक्म लिखा किसने?" मी म्हटले, कुणी कारकुनाने लिहिला असेल, नाव राहिले नाही. तिला ते उत्तर चालले असावे. तिने वही उघडून तारीख घातली.